उजेडाचा आवाज ऐकणारा माणूस : ग्रॅहॅम बेल आणि नवजात बाळाच्या पोटाची तपासणी

एनआयसीयूच्या दाराबाहेर बसलेले आईवडील आम्हा डॉक्टरांना जे प्रश्न विचारतात, त्यातला एक अगदी साधा असतो. बाळाचं पोट फुगलंय असं तुम्ही म्हणता, पण आत काय चाललंय हे तुम्हाला कळतं कसं? बाळ एक-सव्वा किलोचं. काही दुखतंय हे सांगण्याइतकं रडायचीही त्याच्यात ताकद नसते. मग आम्ही पोटाला हात लावून बघतो, टेप लावून घेर मोजतो, एक्स-रे काढतो, सोनोग्राफी करतो. आणि या सगळ्यानंतरही कधी कधी आमचं उत्तर असतं की अजून सहा तास थांबून पुन्हा बघू. ते सहा तास आईवडिलांना किती लांब वाटतात, हे ज्यांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

याच प्रश्नाचं आणखी नेमकं उत्तर मिळावं म्हणून आता एक नवी तपासणी आकाराला येते आहे. बाळाच्या पोटावर उजेड सोडायचा आणि आतून येणारा आवाज ऐकायचा. ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण उजेडातून आवाज निघतो हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं, त्याचं नाव तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्यांच्या आयुष्याची ही गोष्ट आहे, पण टेलिफोन तिच्यात थोडाच येईल.

आवाजाचं घर

अलेक्झांडरचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात झाला. घरचा व्यवसायच उच्चारांचा होता. आजोबा स्पष्ट बोलायला शिकवायचे, वडीलही तेच शिकवायचे. जीभ, ओठ, टाळू यांची ठेवण चिन्हांनी लिहून कुठलाही उच्चार कागदावर उतरवता येईल अशी एक लिपीच वडिलांनी तयार केली होती. आणि अशा घरातली आई, एलायझा, मात्र फारच कमी ऐकू येणारी. बाकीचे लोक तिच्याशी कानाला नळी लावून बोलत. धाकट्या अलेक्झांडरने वेगळाच मार्ग शोधला होता. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या सुरात बोलायचा, आणि ती कंपनं तिला समजायची. आवाज म्हणजे कंपन, आणि ते कानावाचूनही पोचतं, हा धडा त्याला पुस्तकातून मिळालेला नाही.

पुढे मोठा भाऊ मेलव्हिल आणि तो, अशा दोघांनी मिळून एक बोलणारं डोकं बनवलं. कृत्रिम घसा, जीभ, ओठ आणि हवा फुंकायला भाता. त्या यंत्रातून आई अशी हाक निघे, आणि तीही इतकी खरी की त्याच इमारतीतला एक रहिवासी बाळाला काय झालं म्हणून चौकशीला आला, अशी आठवण सांगतात.

या घरावर क्षयाने दोनदा घाला घातला. १८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड गेला, १८७० मध्ये मेलव्हिल. त्या काळी क्षयाचा जंतूही सापडला नव्हता, औषध तर सत्तरेक वर्षं दूर होतं. डॉक्टरांकडे देण्यासारखा एकच सल्ला असे, हवा बदला. उरलेल्या एकुलत्या मुलाची प्रकृतीही नाजूक दिसू लागली तेव्हा आईवडील त्याला घेऊन त्याच वर्षी कॅनडाला निघाले.

तिथून अलेक्झांडर अमेरिकेत बोस्टनला गेला आणि कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवू लागला. विद्यार्थ्यांमध्ये मेबल हबर्ड नावाची एक मुलगी होती. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरने तिचं ऐकू येणं कायमचं गेलं होतं. पुढे ११ जुलै १८७७ रोजी दोघांचं लग्न झालं.

टेलिफोनची हकिकत इथे दोन ओळींत आटोपतो. एका कानाच्या डॉक्टरांनी बेल यांना मृतदेहाचा खरा कान मिळवून दिला होता. पातळसा पडदा इतकी जड हाडं हलवतो हे त्यात बघून त्यांना यंत्राची दिशा सापडली. ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळालं, मग शेकडो खटले झाले आणि पैसाही आला.

उजेड वाजतो

१८८० साली फ्रान्स सरकारने बेल यांना व्होल्टा पारितोषिक दिलं. पन्नास हजार फ्रँकची ती रक्कम त्यांनी वॉशिंग्टनमधल्या प्रयोगशाळेत घातली. सोबतीला चार्ल्स समनर टेंटर हे कुशल यंत्र-कारागीर होते. दोघांनी मिळून फोटोफोन केला. पातळ आरशाच्या मागून बोलायचं म्हणजे आरसा थरथरतो. त्याच्यावरून परतणारा सूर्यप्रकाश त्या थरथरीप्रमाणे कमीजास्त होतो. दूरवर सेलेनियमचा तुकडा ठेवायचा, कारण उजेडानुसार त्यातून वाहणारी वीज बदलते, आणि त्या विजेवर टेलिफोन बोलतो. एका शाळेच्या इमारतीवरून जवळपास २१३ मीटर अंतरावरच्या प्रयोगशाळेत टेंटर यांचे शब्द असे उजेडावर बसून गेले. तारेशिवाय! बेल यांना टेलिफोनपेक्षा हा शोध मोठा वाटे. त्याच फेब्रुवारीत दुसरी मुलगी जन्मली, तेव्हा तिचं नाव फोटोफोन ठेवावं असं त्यांच्या मनात आलं होतं म्हणतात. मेबलने ते चालू दिलं नाही, हे बरंच झालं.

फोटोफोन बाजारात टिकला नाही. ढग आले की बंद, धुकं आलं की बंद. पण त्याच्याशी खेळता खेळता या दोघांना एक गोष्ट दिसली. खरं तर ऐकू आली. भोकं पाडलेली चकती फिरवून सूर्यप्रकाश तुटक तुटक करायचा आणि तो रबराच्या पातळ तबकडीवर पाडायचा. सेलेनियम नाही, बॅटरी नाही, टेलिफोनही नाही. नळीने कान लावला तर तबकडी चक्क गुणगुणत होती. मग त्यांनी हाताला लागेल ते उजेडात धरून ऐकायला सुरुवात केली. रेशीम, लोकर, धातू, काजळी. गडद रंगाच्या वस्तू जास्त जोरात वाजतात आणि काजळी तर फारच, असं आढळलं. १८८१ च्या एप्रिलमध्ये बेल यांनी हे सगळं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे मांडलं.

असं का होतं, ते विजेच्या गडगडाटावरून समजून घ्या. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणात तापते, झटकन फुगते, आणि तो धक्का आपल्या कानापर्यंत गडगडाट होऊन येतो. उजेड एखाद्या वस्तूत शोषला गेला की तिथेही अगदी बारीक प्रमाणात तेच घडतं. उजेड, थोडी ऊब, किंचित फुगणं, आवाज. जो पदार्थ जास्त उजेड पितो तो जास्त वाजतो.

त्याच वर्षी जर्मनीतले एक तरुण प्राध्यापक उजेडाने वायूंतून आवाज काढण्याचे प्रयोग करत होते. त्यांचं नाव विल्हेल्म राँटजेन. चौदा वर्षांनी, १८९५ साली, त्यांनी क्ष-किरण शोधले, म्हणजे तुमच्या बाळाच्या पोटाचा जो एक्स-रे काढतात तोच.

१८८१ चा उन्हाळा

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातली एक पाठीतून शरीरात शिरली होती. ती कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एक्स-रे अजून यायचा होता. डॉक्टरांकडे एकच उपाय, जखमेत बोट किंवा सळई घालून चाचपणे, आणि तेही हात न धुता. हात धुण्याचं महत्त्व युरोपात पटू लागलं होतं, पण त्या डॉक्टरांना ते पटलेलं नव्हतं.

बेल यांना हे वर्तमानपत्रातून कळलं आणि त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं. शरीर न उघडता आतलं शिसं शोधता आलं तर? तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा कर्णा जोडून त्यांनी असं यंत्र केलं की धातू जवळ आला की कर्ण्यात आवाज यावा. यादवी युद्धात गोळ्या लागलेल्या आणि त्या अंगात तशाच राहिलेल्या जुन्या सैनिकांवर ते करून बघितलं. चाललं. २६ जुलैला आणि पुन्हा १ ऑगस्टला ते व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं, पण स्पष्ट आवाज आला नाही. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्या यंत्राला गोंधळात टाकत होत्या. त्यात मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजवीकडेच आहे, त्यामुळे शोध उजवीकडेच घेऊ दिला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला, खोल स्वादुपिंडामागे निघाली. ती तिथे गुपचूप पडून होती. जीव घेतला तो मुख्यतः चाचपणीतून पसरलेल्या पुवाने.

तपासणी कितीही चांगली असली, तरी कुठे बघायचं हे आधीच ठरवून ती केली तर फसवते. हे मी आजही शिकाऊ डॉक्टरांना गारफिल्डच्या गादीवरून सांगतो.

या धावपळीत मेबल दूर मॅसॅच्युसेट्समध्ये होत्या आणि गरोदर होत्या. १५ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांना मुलगा झाला, दिवस भरण्याआधीच. नाव एडवर्ड, गेलेल्या काकाचंच. त्याला श्वास घेता येत नव्हता. काही तासांतच तो गेला.

बेल पुढच्या काही महिन्यांत ज्या यंत्रामागे लागले, त्यावरून त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज येतो. छातीभोवती घट्ट बसणारं धातूचं आवरण. त्यातली हवा पंपाने काढली की छाती आपोआप वर उचलली जाते आणि फुप्फुसात हवा शिरते. हवा परत सोडली की श्वास बाहेर. १९२८ साली बोस्टनमध्ये जो लोखंडी फुप्फुसाचा पिंप तयार झाला आणि पोलिओच्या हजारो रुग्णांनी वापरला, त्याच्या मागे हीच कल्पना दिसते. बेल यांच्या आवरणाला मात्र त्यांच्या हयातीत डॉक्टरांनी फारसं विचारलं नाही. १८८३ च्या नोव्हेंबरमध्ये दुसरा मुलगा झाला, रॉबर्ट. तोही अपुऱ्या दिवसांचा, आणि तोही त्याच दिवशी गेला.

श्वास वाचला, मग आतडी दिसू लागली

एडवर्ड आणि रॉबर्टसारखी बाळं त्या काळी पहिल्याच दिवशी श्वासाअभावी जात. आतड्यांना आजार होण्याइतकी ती जगतच नसत. पुढे काचेच्या पेट्या आल्या, ऑक्सिजन आला, श्वासाची यंत्रं आली, बाळं वाचू लागली. आणि १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की दोनतीन आठवड्यांची झालेली, दूध घेऊ लागलेली ही बाळं अचानक खालावतात. पोट फुगतं, दूध पचत नाही, हिरवी उलटी होते, शीमध्ये रक्त दिसतं. आतड्याच्या भिंतीला सूज येते आणि तिचा काही भाग मरू लागतो. या आजाराला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात, वॉर्डात आम्ही एनईसी म्हणतो. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत साधारण पाच ते दहा टक्क्यांना तो होतो.

बाळाच्या फाइलवर कदाचित बेल स्टेज २ असं काही लिहिलेलं तुम्ही वाचाल. ते बेल वेगळे. १९७८ साली एनईसीच्या पायऱ्या ठरवणारे ते अमेरिकन शल्यचिकित्सक होते. टेलिफोनवाल्या बेल यांचा त्याच्याशी संबंध नाही, पण आडनावाने गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

एनईसीची शंका आली की पहिला आधार अजूनही राँटजेन यांचाच. आतड्याच्या भिंतीत वायूचे बुडबुडे दिसतात का, आतडं फुटून हवा पोटात सांडली आहे का, हे एक्स-रे सांगतो. एकेका एक्स-रेची मात्रा फार कमी असते, त्याला घाबरून नकार देऊ नका. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतोच. भिंत किती जाड झाली, आतडं हलतंय का, पोटात पाणी साठलंय का, डॉपलरवर भिंतीला रक्त पोचतंय का, हे तिथे बाळाच्या पेटीशेजारीच कळतं. या दोन्हींत एक उणीव राहते. रक्त पोचलं, पण त्यात प्राणवायू किती उरलाय? आतडं गुदमरायला लागलंय का? एक्स-रेत बुडबुडे दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असू शकतो.

इथे १८८१ ची ती गुणगुणणारी तबकडी उपयोगी पडते. बेल यांचा परिणाम पुस्तकांतून जवळजवळ विसरला गेला होता. १९६० साली लेसर आला, नंतर बारीक आवाज टिपणारी साधनं आली, आणि १९९० नंतर शरीराच्या आत बघायला तो वापरण्याचं काम जोरात सुरू झालं. याला फोटोअकॉस्टिक इमेजिंग म्हणतात. सूर्याऐवजी लेसरचा अगदी क्षणभराचा, काही अब्जांश सेकंदांचा झोत त्वचेवर सोडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन तो पितं, अंशाच्या हजाराव्या भागाइतकं तापतं आणि आवाज काढतं. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, सोनोग्राफीसारखा प्रोब तो टिपतो. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या रंगाचा उजेड कमीजास्त पितं. म्हणून दोन-तीन रंगांचे झोत पाडले की त्या जागी प्राणवायू किती, ते काढता येतं. तुमच्या बाळाच्या पावलाला जो लाल दिवा बांधलेला असतो, तोही दोन रंगांच्या उजेडावरच चालतो. फरक असा की तो दिवा पावलातल्या रक्ताबद्दल सांगतो, आणि ही तपासणी थेट आतड्याबद्दल सांगू पाहते.

मोठ्या माणसांत हा उजेड काही सेंटिमीटरच खोल जातो, म्हणून तिथे मर्यादा पडते. नवजात बाळाचं पोटच मुळात इतकं पातळ की ही अडचण बरीच कमी होते. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी क्रोन्स आजार असलेल्या मोठ्या रुग्णांच्या आतड्यांची सूज अशा तपासणीने मोजून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एनईसीसाठीचे प्रयोग मुख्यतः प्राण्यांच्या पिलांवर झालेले आहेत.

म्हणजे उद्या तुम्ही आमच्याकडे ही तपासणी मागितली तर मला नाही म्हणावं लागेल, ती अजून वॉर्डात आलेली नाही. अडचणीही खऱ्या आहेत. आतड्यात वायू भरला की आवाज अडतो, आणि एनईसीत नेमका वायूच भरतो. बाळाचा श्वास चालू असतो, पोट हलत राहतं. आणि त्वचेतला रंगही उजेड पितो, त्यामुळे सावळ्या बाळांत आकडे वेगळे येऊ शकतात. आपल्याकडची बाळं बघूनच ही यंत्रं तपासली गेली पाहिजेत, हा आग्रह आपण धरायला हवा.

तोवर तुमच्या हातात जे आहे ते कमी नाही. आईचं दूध, थेंब थेंब का होईना, एनईसीचा धोका कमी करतं. आईला दूध येत नसेल तर मिल्क बँकेचं दूध मिळतं का ते विचारा. आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. आणि बाळाची उलटी हिरवी झाली, शीमध्ये लाल दिसलं, पोट तट्ट लागलं, किंवा बाळ कालच्यापेक्षा मलूल वाटलं, तर राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरना सांगा. घरी गेल्यावर असं दिसलं तर तडक रुग्णालयात या.

उरलेली वर्षं

बेल पुढे चाळीस वर्षं जगले. या काळातलं सगळं कौतुकाचं नाही. कर्णबधिरांनी खाणाखुणांची भाषा सोडून ओठ वाचावेत आणि तोंडानेच बोलावं, असा त्यांचा हट्ट होता. कर्णबधिरांनी आपसांत लग्नं करण्याबद्दल त्यांनी १८८३ मध्ये जे मांडलं, त्याचा राग त्या समाजात आजही आहे आणि तो रास्त आहे. एकाच माणसाने आईच्या कपाळाशी कुजबुजावं आणि हेही लिहावं, याचा मेळ मला लागत नाही. हेलन केलर हिच्या वडिलांना योग्य शिक्षिकेपर्यंत जाण्याची वाट दाखवणारेही तेच होते. १९०३ साली त्यांनी सुचवलं की रेडियमचा कण काचेच्या नळीत बंद करून थेट कर्करोगाच्या गाठीत ठेवून बघावा. आज ब्रॅकीथेरपी घेणाऱ्या रुग्णांना ही कल्पना ओळखीची वाटेल.

शेवटी त्यांना मधुमेहाने गाठलं. २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात, बेन ब्रिआ या आपल्या घरी ते वारले. त्याच देशात, टोरांटोत, त्याच वर्षी जानेवारीत एका मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. ४ ऑगस्टला दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. मेबल यांनी तो टेलिफोन आयुष्यात कधी ऐकलाच नव्हता. पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ रोजी, त्याही गेल्या.